सलग सेवा : चौदा मिनिटं

माणूस आहे की नाही, हे त्याने स्वतः ठरवायचं नसतं. ते जबाबदार यंत्रणेचं काम आहे. मावळ संयुक्त जनावर नोंदणी मंडळाने ते तीन सर्व्हरांवर सोपवलं आहे. मी मंडळाचा वार्षिक अहवाल लिहितो, त्यामुळे या दूरदृष्टीचं कौतुक मलाच करावं लागतं.

एक सर्व्हर लोणावळ्याला, दुसरा घोरावाडीला, तिसरा परंदवडीला (पंख्याखाली). तिन्ही युनिक्सवर चालतात. म्हणजे काय, ते तिन्ही सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या आदिनाथला ठाऊक आहे, आणि त्याला कुणी विचारलेलं नाही. कर्मचाऱ्यांच्या लॉगिनची यादी तिन्हीकडे सारखी राहावी म्हणून ते दर पंधरा मिनिटांनी आपापल्या याद्या ताडून पाहतात. नाव दोन ठिकाणी असलं की तिसरीकडे घालायचं, एकाच ठिकाणी असलं की काढून टाकायचं. यात चूक दाखवणाऱ्याने आधी लोकशाहीत चूक दाखवावी.

परंदवडी केंद्राचे कारकून अंबाजीभाऊ दोन वर्षांपूर्वी वारले. लोणावळ्याने शोकपूर्वक त्यांचं नाव काढलं. उरलेल्या दोघांनी पंधरा मिनिटांत ते परत घातलं. असं नऊ वेळा झाल्यावर मंडळाने बहुमताचा आदर केला.

पुढे परंदवडीच्या केंद्रात हिरा लागली. काम गुरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर भरण्याचं. त्याआधी तिने चिक्कीच्या कारखान्यात पाकाने बोटं भाजून घेतली होती, म्हणून ही खुर्ची तिला सोडायची नव्हती. दोनशे चाळीस दिवस लॉगिनवर हजेरी लागली की नोकरी कायम होणार होती.

आदिनाथने परंदवडीत तिचं नाव घातलं आणि तो मोटारसायकलवरून घोरावाडीला निघाला (नियम १४ ब : नोंद एकाच माणसाने त्या त्या केंद्रात प्रत्यक्ष हजर राहून करावी). फाट्यावरच्या कोंडीतून पोचायला चाळीस मिनिटं लागली. तोवर परंदवडीतली हिरा पुसली गेली होती. त्याने अकरा खेपा केल्या. एकदा तो सोळा मिनिटांत पोचला, तेव्हा मंडळाने त्याच्या निष्ठेची नोंद घेतली आणि वेगाबद्दल समज दिली. हिराची सर्वांत मोठी सलग सेवा चौदा मिनिटं भरली.

तिने आदिनाथला एवढंच विचारलं, "भाऊ, मी हितं बसलीय ती तुमाला दिसते न्हवं?"

दिसण्याचा इथे काही उपयोग नाही, हे आदिनाथने तिला समजावलं. मग हळूच तोडगा सांगितला. "अंबाजीभाऊंच्या नावानं बसा."

"आवो, ते वारले की."

"वारले, पण आहेत."

हिरा अंबाजींच्या नावाने बसली. दोनशे चाळीस दिवसांत तिने नऊ हजार सहाशे बारा जनावरं नोंदवली. (जनावर एकदा नोंदलं की पुसलं जात नाही. त्याला लॉगिन नसतं.) मग कायम करण्याची फाइल वर गेली आणि आदेश खाली आला. हिराचे हजर दिवस शून्य. अंबाजी उत्कृष्ट कर्मचारी. ते एकटेच केंद्राचं सगळं काम उरकत असल्याने हिराची जागा अनावश्यक.

आदिनाथ तिला घेऊन मंडळाच्या साहेबांकडे गेला आणि खरं ते सांगून मोकळा झाला. साहेबांनी समोर उभ्या असलेल्या हिराकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, आणि पडद्यावर विश्वास ठेवला. मला फार वाईट वाटलं, पण अहवालात त्यासाठी रकाना नाही.

हिरा पुन्हा चिक्कीच्या कारखान्यात गेली. त्याच दिवसापासून उत्कृष्ट कर्मचारी गैरहजर राहू लागले. (त्याआधीची गैरहजेरी कुणी मोजली नव्हती; तेव्हा ते उत्कृष्ट नव्हते.) आठव्या दिवशी मंडळाने त्यांच्या नावे खुलासा मागवला आणि ती नोटीस घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी झुंबरबाईंनी नोटीस माझ्याकडून वाचून घेतली, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "घरी न्हाईत. हापिसातच बघा."

वाचकांना हसू आलं असेल तर मंडळाची हरकत नाही. हसून झालं की घरातलं विजेचं बिल काढावं आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते पाहावं. मग भिंतीवरचा फोटो पाहावा. दोन्हीकडे एकच माणूस निघाला, तर त्या घरात सध्या राहणारे आपण निदान दोन याद्यांत आहोत की नाही, याची पंधरा मिनिटांच्या आत खात्री करून घ्यावी.