समुद्र दिसणारी खोली

सहल आखावी तर मीच! दोन दिवसांत अख्खं बंदराचं शहर पाहायचं, तेही समुद्र दिसणाऱ्या खोलीत राहून, असा फक्कड बेत मी आखला होता. अडचण एकच. त्या शहरात बायकोची मावशी राहते.

मावशींनीच बायकोला लहानाचं मोठं केलं. बाई सोन्यासारख्या; पण पाहुणा आला की त्याला घरात नांगर टाकूनच ठेवतात. खाऊ घालतात, झोपवतात, उठवून पुन्हा खाऊ घालतात. गेल्या खेपेला समुद्र मी त्यांच्या कॅलेंडरवर पाहिला!

"मावशीकडेच उतरू या," बायको म्हणाली.

"मी बोलतो त्यांच्याशी."

बोललोही. "यायचं होतं हो मावशी, पण हिला ताप आलाय. उठवतसुद्धा नाही!" आणि बायकोला सांगितलं, "मावशी परगावी गेल्यात." काम फत्ते!

निघायच्या सकाळी बायको नवा गॉगल चढवून तयार. बेल वाजली. टॅक्सी आली म्हणून तिनेच दार उघडलं. दारात मावशी! मिळेल त्या बसने धावत आलेल्या, केस विस्कटलेले, घामाघूम.

"अगं, उठलीस कशाला?" त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. "आणि हे काय? ताप डोळ्यांवर गेला की काय?"

"कसला ताप? तू परगावी गेली होतीस ना?"

मावशींनी घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"तापात बडबडतेय," मी म्हणालो. निघून गेलं तोंडातून, काय करू!

झालं! बायको पलंगावर, जाडजूड पांघरुणाखाली. ती "मला काही झालेलं नाही!" म्हणून जितकी ओरडे, तितक्या मावशी भराभर ओल्या पट्ट्या बदलत. डोळ्यांत पाणी. "डॉक्टरांना बोलवा हो!" मी मात्र पायाने बॅगा सोफ्यामागे ढकलत होतो.

तेवढ्यात उघड्या दारातून टॅक्सीवाला डोकावला. "साहेब, बंदरावरच्या हॉटेलात जायचंय ना? बॅगा द्या!"

मावशींच्या हातातली पट्टी टपटप गळत होती.

"आमच्याकडे यायचं नव्हतं, तर तसं सांगायचं, जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या. "जीव टांगणीला लागला होता माझा."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण खाली फरशी होती, तीही नवी!

बायको उठली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, चल. समुद्र दिसणारी खोली आहे. दोघांपुरतीच."

"अगं, मी काय... जन्म गेला त्या शहरात, पण हॉटेलातून समुद्र कधी पाहिला नाही गं."

टॅक्सीत बॅगा मीच ठेवल्या. कोणी हात हलवला नाही.

संध्याकाळी फोन वाजला. बायको असेल म्हणून झडप घातली, तर मावशी! मागे लाटांचा आवाज.

"जेवलात का, जावईबापू?"

"हो तर! अगदी पोटभर!"

तीही थापच होती. पण काय करणार? खरं सांगितलं असतं, तर बाई पुढच्याच बसने परत आल्या असत्या!