सातवी बशी

टप्प.

भरदुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातून एवढासा आवाज आला. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या सूनबाईने कान टवकारले आणि सोडून दिलं. फ्रीज जुना होता, अधूनमधून कण्हायचाच. चार वर्षांच्या ठकूला आतल्या खोलीत झोपवलं होतं. आणि आज आलुबुखाराचा जॅम होणार म्हणजे होणारच होता!

गेल्या वर्षीचा जॅम पाहुण्यांना पेल्यातून द्यावा लागला होता, सरबत म्हणून. सासूबाईंनी पेला रिकामा करून शांतपणे विचारलं होतं, "छान झालंय हो. जॅम कधी करणार?" ते वाक्य सूनबाईच्या काळजात आलुबुखाराच्या बीसारखं रुतलं होतं. म्हणून परवा तिने छातीठोकपणे सांगून टाकलं, की यंदा भांडं उलटं धरलं तरी थेंब सांडणार नाही. वर ढवळायला सासूबाईंचा लांब दांड्याचा लाकडी चाटूही मागून आणला. तो त्यांना त्यांच्या आईने दिलेला. पोटच्या लेकीलाही त्यांनी कधी हात लावू दिला नव्हता. आज पाच वाजता त्या जॅम चाखायला आणि चाटू न्यायला येणार होत्या.

जॅम झाला हे ओळखायची युक्तीही त्यांचीच. बशीत थेंब टाकायचा, बशी दोन मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायची, मग बोट लावायचं. थेंबावर सुरकुती पडली की गॅस बंद.

सूनबाईने आत येऊन फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात ठेवलेली पहिली बशी लख्ख!

थेंब टाकायलाच विसरले की काय? शक्य होतं. ठकू झाल्यापासून सलग झोप अशी मिळालीच नव्हती. परवाच तिने दूध कपाटात आणि इस्त्री फ्रीजमध्ये ठेवली होती. तिने दुसऱ्या बशीत आठवणीने थेंब टाकला आणि धुतलेल्या बरण्या उन्हात ठेवायला गेली. टप्प. परत येऊन बघते, तर बशी पुन्हा लख्ख. तिसरीचंही तेच. चौथीच्या वेळी दारावर कुणीतरी आलं, पाचवीच्या वेळी फोन, आणि सहावीपर्यंत प्रत्येक बशी लख्ख. इकडे जॅम आपला रटरटतोय. त्याचा लाल रंग तपकिरी झाला, मग थेट बुटाच्या पॉलिशसारखा. सूनबाईने निष्कर्ष काढला, की थेंब इतका पातळ आहे की फ्रीजमध्येच सुकून जातोय. म्हणजे अजून आटवायला हवा!

सातव्या बशीत मात्र थेंब सापडला. कडेला कुणीतरी कुरतडल्यासारखा, पण होता. तिने बोट लावलं. सुरकुती कसली, नखच वाकलं. बशी उलटी करून आपटली तरी थेंब ढिम्म. तिने घाईघाईने गॅस बंद केला, बरण्या आणायला धावली, आणि येऊन बघते तर चाटू पातेल्यात झेंड्याच्या काठीसारखा ताठ उभा.

साडेचारला नवरा आला. त्याने आधी हसून घेतलं, मग तिचं तोंड बघून बाह्या सरसावल्या. ती पातेलं धरून खाली, तो चाटू धरून वर. चाटूबरोबर पातेलं आलं, पातेल्याबरोबर बायको. पुन्हा गॅसवर ठेवावं तर जॅमआधी चाटूच पेटायचा. "आईला सांगू, चाटू हरवला," तो कुजबुजला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "हरवला कशाला? तो काय समोर उभाय."

सासूबाई पाचाच्या आधीच आल्या होत्या.

सूनबाई रडायच्या बेतात होती. सासूबाईंनी चाटू उचलला, पातेलंही उचललं गेलं. त्यांनी ते सावकाश उलटं केलं. थेंबही सांडला नाही.

"शब्दाची पक्की आहेस हो," त्या म्हणाल्या. मग दांड्यावरचा एक जुना काळा डाग अंगठ्याने पुसल्यासारखा करत म्हणाल्या, "हा माझ्या पहिल्या जॅमचा. आईने तीन दिवस पाण्यात भिजवून सोडवला होता. ठेव भिजत."

सूनबाईच्या जिवात जीव आला. तेवढ्यात फ्रीजच्या आडून ठकू बाहेर आली. गालापासून कोपरापर्यंत चिकट, जिभेचा शेंडा लालभडक.

"आई," तिने विचारलं, "पहिल्याच थेंबाला मी आजीसारखं बोट लावून बघितलं होतं. छान सुरकुती पडली होती. मग तू इतका वेळ काय शिजवत होतीस?"