दुर्मिळ शीळ

"दिपा, पक्षी परत ओरडला!" दाढी करता करता प्रदीपने हाक मारली आणि दिपा गॅसवरचं दूध तसंच टाकून कॅमेरा घेऊन गॅलरीत धावली. पक्षी दिसला नाहीच. दूध मात्र उतू गेलं.

नवीन पनवेलच्या त्या सोसायटीत दिपाला पक्ष्यांच्या फोटोंचं वेड लागून वर्ष झालं होतं. वर्षभरात तिने शेपट्या भरपूर टिपल्या. पक्षी दर वेळी चौकटीबाहेर. पण ही शीळ वेगळीच होती. रोज सकाळी, समोरच्या इमारतीतून. पुस्तकात नाही, ॲपमध्ये नाही. अखेर तिने ती रेकॉर्ड करून पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकली : "बहुतेक दुर्मिळ!"

दुसऱ्या सकाळी सहा जण तोफांसारख्या लेन्स घेऊन हजर. झुडपांआड दबा धरलेली ही मंडळी पाहून वॉचमनने घाबरत विचारलं, "मॅडम, बिबट्या आलाय काय?"

"श्शू!" दिपा म्हणाली. त्याला तो होकार वाटला. बघता बघता खिडक्या धडाधड बंद झाल्या, शाळेची बस गेटवरूनच परत गेली आणि पोरांनी घराघरांत जल्लोष केला.

तेवढ्यात शीळ! दुसऱ्या मजल्यावरून. सगळे चवड्यांवर जिना चढले. वर दूधवाला निकेश धर्मराजकाकांच्या दाराची बेल दाबत उभा होता. शीळ बेलच घालत होती.

दिपाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काकांनी बनियनवरच दार उघडलं आणि समोरच्या तोफा पाहून दोन्ही हात वर केले. "मी काय केलं गो दिपा?"

"काका, तुमची बेल..."

"नातवानं पाठवलीय. वाजवायला दुसरं येतंय कोण? म्हणून निकेशला सांगतो, रोज दाब." मग काकांना हुरूप आला. "वाजव रे, ऐकू दे पावन्यांना!"

निकेशने बेल दाबली. त्यासरशी जिन्याच्या जाळीतून एक खराखुरा पक्षी, काळा-पांढरा दयाळ, सुसाट आत आला, उघड्या दारावर बसला आणि छाती फुगवून बेलला शिव्या घालू लागला. माझ्या हद्दीत हा कोण शहाणा? काका खदाखदा हसले. इतक्या जवळचं तोफांना टिपता येईना. दिपाच्या छोट्या कॅमेऱ्याने टिपलं, चोचीपासून शेपटीपर्यंत!

मग काकांनी सगळ्यांना चहा पाजला. दयाळ काही दुर्मिळ नव्हता, पण ग्रुपवर दिवसभर वाहवा झाली. दिपाने तो फोटो काकांनाही पाठवला.

संध्याकाळी काकांचा डीपी बदलला. नुसते हसरे काका. पाठोपाठ फोन आला.

"फोटो एक नंबर काडलास गो दिपा! मदी तो पक्षी आडवा आलेला, त्याला कापला."