एका फितीत दोन पाइप

पाण्यातून मीठ काढणे सोपे असते; काढलेले मीठ ठेवायचे कुठे, हाच मानवजातीपुढचा खरा प्रश्न आहे. आमच्या समुद्रजल गोडीकरण केंद्राने तो ज्या कौशल्याने सोडवला, त्याला तोड नाही.

अशा केंद्राला एक पाइप समुद्राचे पाणी आत घ्यायला आणि दुसरा, उरलेले जास्त खारट पाणी परत समुद्रात सोडायला लागतो. दोन्ही एकमेकांपासून लांब असावेत असे म्हणतात (म्हणणारे इंजिनिअर, त्यांना दुसरा उद्योग काय?). परंतु उद्घाटनाच्या पाहुण्यांकडे एकच फीत कापण्याइतका वेळ आहे, असे आधीच कळले होते. म्हणून पाइप शेजारी शेजारी टाकले आणि एकाच फितीत दोघांचे उरकले. फोटो छान आला.

तेव्हापासून केंद्र आपणच बाहेर टाकलेले मीठ आपणच आत घेते. स्वावलंबन म्हणजे आणखी काय असते? पुढे यंत्र दमले आणि वसाहतीच्या नळांना खारट पाणी येऊ लागले. चव समितीने ते चाखून 'गोड' असा शेरा दिला. (चाखण्याआधी समिती चमचाभर साखर खाते, तोंड स्वच्छ व्हावे म्हणून.) पाहणीनुसार घरोघरचा मिठाचा खर्च शंभर टक्के घटला. तक्रार एकाचीही आली नाही. खाल्ल्या मिठाला जागणारी माणसे आहेत आमची.

अडचण झाली ती केंद्रातल्या यंत्रचालक बाईंच्या सासूबाईंची. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी त्यांचे मीठ बंद केले होते. त्यांनी ते कसोशीने पाळले, तरी दाब चढतच गेला.

"आजी, चोरून खारे दाणे खाता ना?" डॉक्टरांनी विचारले.

"अहो, मिठाच्या बरणीला शिवलेसुद्धा नाही हो!"

मुलाने बरणी कुलपात ठेवली. नातवंडे आजीच्या उशीखाली दाणे शोधू लागली. जिवाला धोका होताच, पण म्हातारीला घरच्यांनी चोर ठरवल्याचे दुःख जास्त होते. मलाही फार वाईट वाटले (कार्यालयीन वेळेनंतर).

शेवटी सुनेला राहवेना. "आई, चोर तुम्ही नाही, आमचा पाइप आहे," तिने घरात सांगितले. दुसऱ्या दिवशी साहेबांनाही तेच सांगितले. साहेब पडले लोकशाहीवादी. पाइप हलवायचा तर आठवडाभर नळ बंद राहणार. तेव्हा लोकांचे मत घ्या, म्हणाले.

मतदानाआधी अख्खी वसाहत सासूबाईंना भेटून गेली.

"काकू, काळजी कशाला करता? आम्ही आहोत ना!" शेजारीण म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले.

सासूबाईंनी आपली चिठ्ठी सगळ्यांना उघडी दाखवून पेटीत टाकली: पाइप हलवा. बाकीच्यांनी घडी घालून टाकल्या. मोजणी झाली, तेव्हा 'हलवा' म्हणणारी चिठ्ठी एकच निघाली. घरी जाताना सून वाटभर स्वतःच्या चपला बघत चालली होती.

पाइप आहेत तिथेच आहेत. वसाहतीत आजही ज्याला विचाराल तो छातीवर हात ठेवून सांगतो, "मी तर काकूंच्याच बाजूने होतो." तुम्ही कोणाच्या बाजूने असता, हे मी विचारत नाही. उत्तर मला पाठ आहे.