गळ्यापर्यंत चेन

"हा माणूस डोंगर चढून आलाय म्हणे!" आईने मासिकाचं पान दिव्याखाली धरलं. "बुटांना चिखल, आणि जॅकेटवर शिंतोडा नाही. कोण धुतं याचे कपडे?"

ज्या घराच्या पुढच्या खोलीत लॉन्ड्री असते, त्या घरात जाहिरातीकडे असंच बघतात. लेकीला मात्र त्या जाहिरातीचं विश्लेषण करायचं होतं: ती काय सांगते आणि काय लपवते, हे सोमवारी वर्गात उभं राहून बोलायचं होतं. या विषयात ती एकदा नापास झाली होती. गाईडमधलं उत्तर तिने स्वल्पविरामासकट उतरवलं होतं आणि सरांनी ते ओळखलं होतं. पुन्हा नापास झाले तर कॉलेज सोडून काउंटरवर बसेन, असं तिनेच रागाच्या भरात जाहीर केलं होतं. आईने ते तत्काळ मान्य केलं, तिथेच पंचाईत झाली.

"लिहिलंय काय त्यात?" बाबांनी इस्त्री उभी करत विचारलं.

"पाऊस असो, वारा असो, तुम्ही आत सुरक्षित."

"मग खरं की खोटं ते बघायला नको? पाणी दाखवल्याशिवाय कापड कळत नाही, बबडे."

"बाबा, विश्लेषण म्हणजे विचार करायचा असतो."

"तू विचार कर. मी पाणी सोडतो."

दुर्दैवाने त्याच कंपनीचं, त्याच हिरव्या रंगाचं जॅकेट दुकानात धुऊन टांगलेलं होतं. गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही, हा बाबांचा नियम. पण लेकीच्या वर्षाचा प्रश्न आल्यावर नियम खुंटीला गेला आणि जॅकेट खाली आलं. बाबांनी ते चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, बाथरूममध्ये शॉवरखाली उभे राहिले आणि जाहिरातीतल्या माणसासारखे दोन्ही हात पसरले.

"फोटो काढू का?" आई म्हणाली.

"कोरडा!" बाबा आतून ओरडले. "ठणठणीत कोरडा!" पँटमधून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, पण पँटची हमी कोणी दिली नव्हती.

लेक हिरमुसली. जाहिरात खरंच बोलत असेल, तर ती लपवते काय? तिचा हा विचार पुरा व्हायच्या आत बाबा चेन उघडायला गेले आणि चेन हलेना. त्यांनी ओढली, आईने ओढली, मग आईने पक्कड आणली. पक्कड लावताच चेन ओढायची पट्टी तुटून आईच्या हातात आली. चेन जिथल्या तिथे.

आणि दुकानाची घंटी वाजली.

लेक बघून आली, ती पांढरीफटक. "आई, जॅकेट न्यायला आलेत. आमचे सर!"

"हे तुझ्या सरांचं?"

"मला काय माहीत? पावतीवर नुसता नंबर असतो!"

आईने बाबांना शालीत गुंडाळून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. "यांना जरा थंडी वाजून आलीय," ती सरांना म्हणाली. ते जॅकेट बाबांना आतून भाजत होतं आणि घाम नाकाच्या शेंड्यावरून ओघळत होता. "जॅकेट अजून तयार नाही हो. उद्या या ना."

"असू दे, थांबतो मी," सर म्हणाले आणि बाकावर बसले. काउंटरवरच्या पानाकडे त्यांचं लक्ष गेलं. "हीच जाहिरात घेतलीस का? बोल, काय दिसतं तुला यात?"

लेकीला फक्त कोपऱ्यातले बाबा दिसत होते. पान हातात धरून ती त्यांच्याकडेच बघत राहिली. पोरीची ती अवस्था बाबांना बघवली नाही. त्यांनी शाल भिरकावली.

"सर, तुमचं जॅकेट माझ्या अंगावर आहे. चूक माझी. आता ते मला सोडत नाही."

आईने डोळे मिटून घेतले. सर मात्र उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "वरपर्यंत ओढलीत का चेन? माझंही पहिल्याच दिवशी असं झालं. डोक्यावरून काढावं लागतं. मी चेन लावणंच सोडलंय."

"मग घेतलंत कशाला?" आईने विचारलं.

"जाहिरात बघून," सर ओशाळून म्हणाले.

एक बाही सरांनी धरली, दुसरी आईने. अभ्र्यातून उशी निघावी तसे बाबा बाहेर आले. लेक आधी हसली आणि मग एकदम ओरडली, "सर! यात आत शिरायचं तेवढं सांगितलंय. बाहेर कसं यायचं, ते कुठेच नाही!"

"हे कोणत्या गाईडमध्ये आहे?"

"कोणत्याच नाही."

"मग सोमवारी हेच बोल. जॅकेट घेऊन ये, वर्गाला दाखव. फक्त ते कोणाचं आहे, ते सांगू नकोस."

सोमवारी लेकीने वर्गातल्या सगळ्यांत आडदांड मुलाला पुढे बोलावलं, आणि गळ्यापर्यंत चेन लागलेलं जॅकेट तसंच डोक्यावरून घालायला लावलं. "आता उघड," ती ऐटीत म्हणाली.

सर्रकन चेन उघडली.

पुन्हा लावली, पुन्हा सर्रकन उघडली. वर्ग खो-खो हसायला लागला. सर खिडकीबाहेर बघू लागले. लेकीने वाकून पाहिलं. पट्टी नवी होती, दातांवर मेणाचा हात फिरला होता. गिऱ्हाइकाची वस्तू आपल्या घरी मोडली, ही गोष्ट बाबांना स्वस्थ बसू देणं शक्यच नव्हतं. रविवारभर ते आत काय करत होते, ते तिला आता कळलं.

ठरवलेलं सगळं फसलं होतं. पण गाईड नव्हतं, पाठ केलेलं काही नव्हतं, म्हणून ती जे होतं तेच बोलली.

"परवा ही चेन माझ्या बाबांना सोडत नव्हती. काल त्यांनीच ती दुरुस्त केली, मला न सांगता. जाहिरातीतला माणूस डोंगरावर एकटाच उभा असतो. त्याचं जॅकेट धुणारं, सांधणारं, अडकला तर ओढून काढणारं घरदार त्यात कुठेच नाही. जाहिरात लपवते ते हेच."

हसणं थांबलं. सर खिडकीकडून वळले आणि म्हणाले, "बस खाली. पास."

घरी आली तेव्हा बाबा इस्त्री हातात धरून दाराकडेच बघत होते. "चेन चालली ना नीट?"

"लोण्यासारखी! सगळा घोटाळा त्यानेच झाला."

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे गेलीस?"

"पास झाले, बाबा! आणि सर विचारत होते, त्यांच्या बॅगेचीही चेन अडकते, ती आणू का?"

बाबांना इतका आनंद झाला, की इस्त्री झालेला शर्ट त्यांनी पुन्हा इस्त्रीला घेतला.

"आणा म्हणावं," ते म्हणाले. "पण घरी ओढाताण करू नका म्हणावं. अडकायचं काम आमच्याकडे असतं."