आधी बायकांचं सांग

मला पुरुषही आवडतात हे आईबाबांना आपल्या तोंडाने सांगण्यापेक्षा टीव्हीच्या तोंडून सांगावं, एवढंच मी ठरवलं होतं. लॉस एंजेलिसमध्ये विनोदी मालिका लिहून पोट भरणाऱ्याला एवढी सोय असायला हरकत नाही. (बाहेर माझं वय चाळीस. आईसमोर इयत्ता चौथी.) माझ्या नव्या भागात नायक घरच्यांना नेमकं हेच सांगतो आणि बाप उठून त्याला मिठी मारतो. तो बघायला मी रविवारी दोघांना चर्चमधून थेट आमच्याकडे बोलावलं. आईने मक्याच्या पानांत वाफवलेले पातेलंभर तमाले आणले.

भाग संपला.

"बरा होता," बाबा म्हणाले.

"त्या आईचा झगा छान होता," आई म्हणाली.

"आई, तो नायक म्हणजे मी."

"काहीतरीच, एलिसेओ. तो केवढा उंच आहे."

माझ्या बायकोने, डालियाने, स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले. मीही आज माघार घेणार नव्हतोच. टीव्ही बंद करून उभा राहिलो.

"मला बायका आवडतात, तसे पुरुषही आवडतात. पहिल्यापासून."

आईने हातातला तमाले खाली ठेवला. "बायका? डालियाशिवाय आणखी कोण?"

"कोणी नाही गं. मी पुरुषांबद्दल सांगतोय."

"ते नंतर. आधी बायकांचं सांग."

"मी कुणाकडेही चाललेलो नाही, आई. मी असा आहे, एवढंच. डालियाला लग्नाआधीच सांगितलंय."

"सुनेला लग्नाआधी, आणि मला आज?" आईने विचारलं. "मी परकी होते का रे?"

"भीती वाटायची."

(इथे मला एक बरा विनोद सुचला होता. गिळला.)

बाबांनी बंद टीव्हीकडे बोट दाखवलं. "त्या टीव्हीतल्या बापाला मिठी तू मारायला लावलीस?"

"हो."

"मी मारली नसती असं वाटलं तुला?"

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि त्यांनी मला बरगड्या मोडतील इतकं आवळलं. मागून आईही येऊन बिलगली.

"आज खरं बोलायचाच दिवस आहे," बाबा हळूच म्हणाले, "तर आमच्याही मनात बरीच वर्षं एक गोष्ट आहे."

"सांगा ना, बाबा. मोकळेपणाने सांगा."

त्यांनी आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली.

"तुझ्या मालिकेवर आम्हाला हसू येत नाही."

"खूप प्रयत्न केला रे," आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली.