भट्टी बंद होत नसते

जगातल्या यंत्रांचे दोनच प्रकार असतात. एक, चालू असलेली. आणि दोन, चालू असताना कोणीतरी हात घातलेली. (तिसरा प्रकार भंगारवाल्याकडे दिसतो, पण तो दुसऱ्याचाच पुढचा वर्ग आहे.)

हे सत्य भिलाईच्या कँप-1 या कामगार वस्तीत राहणाऱ्या प्रेमानंद गुरनुले यांच्याइतकं कोणालाच उमगलेलं नाही. गुरनुलेजींनी उभी नोकरी लोखंडाच्या भट्टीवर काढली. भट्टी एकदा पेटली की पेटलेलीच राहते. दिवाळी असो, संप असो, साहेबाच्या पोरीचं लग्न असो. कारण ती थंडावली तर आतलं पातळ लोखंड जागच्या जागी गोठतं, आणि मग ते फोडून काढताना माणसाला सात पिढ्या आठवतात. गुरनुलेजी रिटायर झाले. डोक्यातली भट्टी मात्र ड्यूटीवरच राहिली.

फंडाच्या पैशातून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत ‘ज्ञानज्वाला टंकलेखन केंद्र’ काढलं. बंद पडलेल्या एका खाजगी शाळेच्या लिलावातून चार कंप्युटर आणले. वयानं वडीलधारे, तब्येतीनं जाडजूड. भिंतीवर भंगारातून आणलेला हातभर लांब दांड्याचा मेन स्विच बसवला, त्याला लाल रंग दिला, नारळ फोडला, दांडा वर ढकलला आणि जाहीर केलं, “पेटली. आता भट्टी बंद होत नसते.”

झालीही नाही. लाइट गेली तर ट्रकच्या दोन बॅटऱ्या होत्या. अख्खं घर अंधारात वरण-भात चाचपडत खायचं, आणि पुढच्या खोलीत चार कंप्युटर कोणीही समोर नसताना झगझगत असायचे. गल्लीतल्या लोकांना याचा अभिमान होता. मांजरांना जास्त होता, कारण थंडीत त्या पडद्यांच्या मागे बसायच्या.

आता या व्यवस्थेत एकच किरकोळ खोट होती, आणि ती फक्त रेणूला माहीत होती.

रेणू ही गुरनुलेजींची सून. नंदिनी नगरची, चुनखडीच्या खाणीच्या गावची. तिच्या रुखवतात साखरेचा नारळ आणि रुमालाचे हंस यांच्या मधोमध एक कीबोर्ड मांडलेला होता. वडिलांनी खाणीच्या ऑफिसच्या भंगारातून मिळवलेला, साबणानं धुतलेला, स्पेसबारवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेला. पोरगी टायपिंग शिकलेली, सासरी हात रिकामा राहू नये, हा हेतू. कीबोर्ड जुन्या वळणाचा. शेपूट जाड आणि टोकाला गोल तोंड, त्यात सुईएवढ्या सहा पिना. कंप्युटरच्या पाठीमागे त्याच्यासाठी जांभळं भोक आणि माऊससाठी तसंच हिरवं.

या गोल भोकांबद्दल रेणूचा भाऊ गोलू, जो नंदिनीत रिपेरिंगचं दुकान चालवतो, त्यानं तिला फोनवर समजावलं होतं.

“पाह्य ताई, हे जुने मशीन सुरू होताना एकच डाव हजेरी घेते. कीबोर्ड हजर? हजर. माऊस हजर? हजर. मंग रजिस्टर बंद. मागून जो घुसला त्याले ओळखलं तं ओळखलं, नाही तं नाही. अन् चालूमध्ये पिना इकडच्या तिकडं टेकल्या, तं आतमध्ये तांदळाच्या कनीएवढा फ्यूज असते, तो उडते. मशीन जित्ती, भोक मेलं.”

“मंग काय करा लागते?”

“काही नाही. पह्यले बंद कर, मंग काढ, मंग लाव, मंग सुरू कर. लहान पोट्ट्यालेही जमते.”

लहान पोट्ट्याला जमलं असतं. पण ज्ञानज्वालामध्ये ‘बंद कर’ हे शब्द उच्चारायला बंदी होती. आणि इथला प्रत्येक विद्यार्थी स्वतःचा कीबोर्ड घेऊन यायचा, कारण टायपिंगच्या परीक्षेत स्वतःचा कीबोर्ड आणायची मुभा होती आणि बोटांना आपल्याच घरचं अंगण लागतं. म्हणजे दिवसभर चालू यंत्रांतून शेपट्या उपसणं आणि खुपसणं. यासाठी गुरनुलेजींनी कारखान्याच्या तोडीची नियमावली केली होती :

काढणाऱ्यानं हेल्मेट घालावं. चामड्याचे हातमोजे घालावेत (त्यामुळे सहा पिना दिसत नाहीत, तो भाग वेगळा). शिटी वाजवावी. बाकीच्यांनी तीन पावलं मागे सरावं. मग ‘हट जाओ’ असं ओरडून एका झटक्यात ओढावं, कारण हळू ओढण्यात भित्रेपणा दिसतो.

निकाल समाधानकारक होते. गेल्या सालात अपघाताची नोंद शून्य (माणसांच्या). कीबोर्ड अकरा, माऊस आठ, वाकलेल्या पिना मोजण्यापलीकडे. एक प्रिंटर मेला नाही, पण चालूमध्ये त्याची केबल उपटली तेव्हापासून स्वतःच्या मनातलं छापतो. त्याचं एक पान शेजारच्यांनी मंत्र समजून तिजोरीला चिकटवलं आहे. फायदा झाला म्हणतात.

रेणूनं हे सगळं सासऱ्याला सांगायचं म्हटलं तर मोठीच अडचण होती. गुरनुल्यांच्या घरी सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. मधे सासूबाई लागतात. रंभाबाई म्हणजे या घराची केबल. दोन्ही टोकांना काय जोडलं आहे हे पाहून त्या करंट कमी-जास्त करायच्या.

“आई, मामाजीले म्हना, पह्यले बंद करा लागते,” रेणू म्हणायची. मामाजी, म्हणजे सासरे, चार हातांवर शिटी पुसत बसलेले असायचे.

“ऐकलं का, पोरगी म्हनते, तुमची भट्टी मस्त चालून राहिली. जराशीक तिले आराम देता का?”

“तिले सांग, कारखान्यात असं बोलली असती तं चार्जशीट भेटली असती.”

रंभाबाई सुनेकडे वळायच्या. “मामाजी म्हनते, विचार करतो.”

असा विचार लग्नापासून चालू होता. भट्टीसारखाच.

आणि यंदा परीक्षा ज्ञानज्वालामध्येच ठेवली गेली. रेणूला ती पास होणं भाग होतं. तहसील ऑफिसात टायपिस्टची जागा निघाली होती, आणि तिसावं लागलं की तिथलं दार बंद. रेणूचं तिसावं पुढच्या महिन्यात लागणार होतं. नवरा म्हणाला होता, “इस बार नहीं तो छोड़ दे. पापड वगैरे कर ले.” ते ‘वगैरे’ रेणूच्या छातीत रुतून बसलं होतं.

परीक्षेच्या दिवशी रायपूरहून निरीक्षक पराग दाणी प्रमाणपत्रं छापायचा प्रिंटर घेऊन आले. जुन्या रायपुरी मराठी घरातले, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. पहिल्या खेपेचे चार उमेदवार आपापले कीबोर्ड घेऊन आले. एकाचा गमछ्यात, एकाचा उशीच्या अभ्र्यात, एकाचा बाळासारखा शालीत. चौथा मोनू; त्याचा कीबोर्ड आदल्या दिवसापासून यंत्राला लागलेलाच होता, कारण तो घरी न्यायचा त्याला कंटाळा आला होता. (त्या दिवशी ज्ञानज्वालामध्ये जे काही शास्त्रशुद्ध घडलं, ते या एका आळसामुळे.)

गुरनुलेजींनी हेल्मेट चढवलं. शिटी. हट जाओ.

पहिल्या यंत्रानं नवीन कीबोर्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्यातून ‘टक्’ असा आवाज आला, एवढाच. तिसऱ्यात कीबोर्ड माऊसच्या भोकात गेला, आणि हातमोज्यांच्या जोरावर चांगला आतपर्यंत गेला.

“सर, उमटून नाही राहिलं,” तिघं म्हणाले.

“समय शुरू हो गया है,” परागजी म्हणाले. “टाइप करते रहिए.”

तिघं प्रामाणिकपणे टाइप करत राहिले. शेवटी मोजणी झाली : चुका शून्य. वेगही शून्य. परागजींनी शेरा लिहिला, ‘अचूक, परंतु संथ’, आणि नापास केलं. मोनू पास झाला आणि त्यानं जाताना कीबोर्ड तेवढा काढून द्यायला सांगितलं.

उरलं एक जिवंत यंत्र. आणि दुसऱ्या खेपेत पहिलं नाव रेणूचं.

गुरनुलेजींनी मोनूची शेपूट उपसली. देवाची कृपा, भोक वाचलं. आता रेणूच्या रुखवताची पाळी. त्यांनी हात पुढे केला. रेणूनं कीबोर्ड पोटाशी धरला.

“आई, मामाजीले म्हना, हे शेवटचं मशीन आहे. हे गेलं तं मी गेली.”

रंभाबाईंनी तोंड उघडलं, पण या वाक्यातला करंट कमी करायची सोय त्यांना सापडेना. त्या नुसत्या म्हणाल्या, “अहो...”

“भट्टी बंद होत नसते,” गुरनुलेजी म्हणाले आणि शिटी तोंडात घातली.

तेव्हा रेणूला एक गोष्ट आठवली. मामाजी जेवताना रोज सांगायचे ती. कारखान्यात सगळं चालतं, साहेबाची शिवीसुद्धा चालते. पण आतून कामगाराचा आवाज आला की ‘हाथ अंदर है’, तर भट्टी असो की पट्टा, जो स्विचपाशी असेल तो विचारत नाही, खटका खाली पाडतो. ज्यानं विचारलं तो माणूस नाही.

रेणूनं यंत्राच्या पाठीमागे खांद्यापर्यंत हात घातला आणि लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्याकडे तोंड करून, साऱ्या कँप-1 ला ऐकू जाईल अशी ओरडली :

“मामाजी! माहा हात आत हाय!”

शिटी खाली पडली. ती जमिनीला लागायच्या आत गुरनुलेजींनी झेप घेऊन लाल दांडा खाली पाडला होता.

अंधार. चारी पडदे काळे. आणि असा सन्नाटा, की स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो हे त्या घराला तेव्हा पहिल्यांदा कळलं. गुरनुलेजींनी हेल्मेट काढून छातीशी धरलं.

“गोठली,” ते म्हणाले.

रंभाबाईंनी त्यांना गुळपाणी दिलं. रेणूनं तेवढ्यात जांभळ्यात जांभळं बसवलं. परागजींनी आपला प्रिंटरही याच वेळी जोडून घेतला. (माणूस पाहून शिकतो, निरीक्षकसुद्धा.) मग तिनं स्वतः दांडा वर ढकलला. यंत्र कण्हलं, खोकलं, हजेरी घ्यायला लागलं. रुखवताच्या कीबोर्डावरचे तीन दिवे लुकलुकले. हजर.

रेणूनं अशी काही बोटं चालवली की मांजर उठून बसली. पास. दोनच चुका, त्याही पहिल्या ओळीत. पहिलं यंत्रही या भानगडीत जागं झालं होतं, पण त्याचा उमेदवार तोवर पावर हाउसच्या बाजारात समोसा खायला गेला होता.

प्रमाणपत्र छापून आलं. परागजींनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि त्यांची घरची मराठी उंबऱ्याबाहेर आली.

“रेणूजी, यावर तर एक जानेवारी दोन हजार दोन पडलं आहे.”

घड्याळाला जपणारी यंत्रातली बारीक बॅटरी कधीच मेली होती. यंत्र बंदच झालं नाही, म्हणून तिच्या मरणाची बातमी कोणाला लागली नाही. बंद होताच ते सगळं विसरून आपल्या जन्मतारखेला जाऊन बसलं. प्रमाणपत्रानुसार रेणू सातव्या वर्षी, दुधाचे दात पडलेले असताना, टायपिंग पास झाली होती.

“पाहिलं?” गुरनुलेजी उसळले. “म्हनत होतो ना मी! बंद केली तं एवढे सारे वर्सं गेले वाहून!” आज त्यांच्यासारखा बरोबर निघालेला माणूस भिलाईत दुसरा नव्हता.

“सर, तारीख सुधारून द्या ना,” रेणू रडकुंडीला आली.

“हाथ से सुधारूँगा तो जालसाजी होगी,” परागजी म्हणाले. “मशीन ने छापा है, तो सच है.” आणि शिक्का मारला.

तहसील ऑफिसनंही तेच मानलं. तिथे ज्याचं प्रमाणपत्र जुनं त्याला आधी घ्यायचं, असा नियम होता. रेणूपेक्षा जुनं कोणाचंच निघालं नाही. तिला जागा मिळाली आणि साहेबानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं की बाईंकडून शिका, सगळ्यात सीनियर आहेत.

ज्ञानज्वाला पुन्हा पेटलं आहे आणि बंद होत नसतं. फरक एवढाच की घरात ज्याला काही हवं असेल तो आता ‘हात आत हाय’ म्हणतो. रंभाबाई तर जेवायलाही तशाच हाक मारतात. गुरनुलेजी धावत येतात.

हसा, हसायला काही हरकत नाही. फक्त तुमचा फोन शेवटचा कधी बंद केला होता, तेवढं आठवून पाहा. रात्रभर उशाशी पेटलेला, सकाळी तापलेला, चालूमध्येच त्याची शेपूट ओढता आणि खुपसता. आता दोन मिनिटं बंद करून बघा बरं. नाही ना होत? काहीतरी गोठेल असं वाटतं. गुरनुलेजींनाही तसंच वाटायचं. पण रेणूचं एक बरं होतं. तुमचा हात तर खांद्यापर्यंत आत आहे, आणि स्विचपाशी कोणीच उभं नाही.